आवाज डिकीत नाही, दारात आहे!

छोट्या हॅचबॅकमध्ये झक्कास साउंड सिस्टीम बसवायचीय? मग वॅटचे आकडे जरा बाजूला ठेवा आणि आधी गाडीचं दार उघडून बघा...

सिग्नलला उभे आहात. शेजारी एक छोटुकली हॅचबॅक येऊन थांबते. गाणं कुठलं ते काही केल्या कळत नाही. ऐकू येतं ते फक्त 'धब्ब... धब्ब... धब्ब'. नंबर प्लेट थरथरतेय, डिकी खुळखुळतेय आणि आतला पठ्ठ्या मात्र मस्त मान डोलावतोय. 'गाडीत सिस्टीम बसवली' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं. डिकीत भलामोठा वूफर, त्याच्याभोवती निळे लाइट आणि बॉक्सवर चार आकडी वॅट. बास, झाली सिस्टीम!

बॉस, ही सिस्टीम नाही. हा फक्त डिकीतला ढोल आहे. आणि ढोल ऐकायचाच असेल तर गणपतीत लक्ष्मी रोडला या, तिथे त्याला तोड नाही.

खरं म्हणजे गाडीत चांगलं म्युझिक हवं असण्यात चैन वगैरे काही नाही. आपल्यासारख्या नोकरदारांना दिवसभरात स्वतःची अशी जागा मिळते कुठे? घरी हॉलमध्ये आईची सिरीयल चालू. ऑफिसात हेडफोन घातले की खांद्यावर टकटक करायला मॅनेजर हजर. उरली ती गाडी. सिंहगड रोडवरून हिंजवडी फेज थ्रीला रोज जाणाऱ्या माझ्या एका मित्राने हिशेब केला, तर त्याचे आठवड्यातले पंधरा तास स्टिअरिंगमागे जातात. पंधरा तास! एवढा वेळ तो स्वतःच्या बेडरूममध्ये जागा तरी असतो का, हा त्याचाच सवाल. मग त्या खोलीत आवाज चांगला नको?

तर या लेखाचा हीरो हाच मित्र आणि हीरोइन त्याची २०१४ ची सेकंड हँड स्विफ्ट. बेसिक व्हेरियंट, आधीच्या मालकाने बसवलेला साधा स्टिरिओ आणि दारांत कागदासारखे पातळ स्पीकर. पठ्ठ्याने एकाच गाडीत दोनदा सिस्टीम बसवली. पहिल्यांदा १८ हजारांत आणि दुसऱ्यांदा साधारण ४५ हजारांत. पहिली वेळ कशी फसली, हे कळलं की दुसऱ्या वेळेचं गणित आपोआप समजतं.

१२०० वॅटचा फुगा

पहिल्यांदा तो गेला एका चकाचक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. 'सर, पॅकेज घ्या ना!' पॅकेजमध्ये '१२०० वॅट'चा अँप्लिफायर, बारा इंची वूफर तयार बॉक्ससकट, मागच्या ट्रेवर दोन अंडाकृती सिक्स बाय नाइन स्पीकर आणि वायरिंग 'फ्री'. तीन तासांत गाडी हातात. पहिला आठवडा नुसती धम्माल. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुंईंईं' अशी शिट्टी येते आणि गाडी जितकी पळेल तितकी ती वर चढत जाते. महिन्याभरात सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरायला लागली. आणि मग एका शनिवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात रबर जळल्याचा वास!

गाडी बाजूला घेऊन त्याने बॉनेट उघडलं. बॅटरीपासून डिकीकडे जाणारी जाडजूड वायर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून नुसतं भोक पाडून आत नेली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरचं कव्हर सोललं होतं आणि आतली तार पत्र्याला जेमतेम टेकत होती. त्यात बॅटरीजवळ फ्यूजही नाही. फ्यूज होता तो थेट मागे, अँपच्या अंगावर. म्हणजे मधल्या चार मीटर वायरमध्ये कुठेही शॉर्ट झाला असता तर बॅटरीला अडवणारं कुणीच नव्हतं. बॅटरीचा क्लँप काढून, पंख्यासारखा नॅपकिन हलवत बसलेल्या बायकोची बोलणी खात त्याने टोइंगवाल्याची वाट बघितली.

आता त्या १२०० वॅटचं काय? हे ओळखायची एक भन्नाट सोपी युक्ती आहे आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते. अँपच्या अंगावरचा फ्यूज बघा. या महाशयांच्या अँपला होता २० अँपिअरचा. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १३.८ व्होल्ट असतात. २० गुणिले १३.८ म्हणजे २७६. फ्यूज न उडता अँप सतत खाऊ शकेल एवढीच वीज. त्यातलीही बरीच उष्णता होऊन वाया जाते. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी अँपमध्ये जवळजवळ निम्मी. म्हणजे १२०० वॅटच्या बॉक्समधून निघाले जेमतेम दीडशे! आपल्या लहानपणी टू-इन-वनवर '१००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं, आठवतंय? त्या पीएमपीओला मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती, त्यामुळे आकडा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्याचीच ही नवी पिढी. बघायचा आकडा एकच, आरएमएस. म्हणजे अँप सतत, न थकता किती वॅट देऊ शकतो तो. स्टिरिओवर '५० गुणिले ४' लिहिलेलं असलं तरी त्याचे खरे आरएमएस चॅनलमागे साधारण १५ ते २० च असतात.

आणि अजून एक गोष्ट कुठलाच सेल्समन सांगत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'जरा वाढलाय वाटतं' इतकाच. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. म्हणून पन्नास वॅटच्या अँपऐवजी शंभरचा घ्यावा की नाही, यावर रात्र जागवण्यात काही अर्थ नाही.

पाठ करून नाटक बघता का?

दुसऱ्या वेळी मित्राला एक वेगळाच माणूस भेटला. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, छोट्याशा गाळ्यात दोन पोरं हाताशी. सगळे त्यांना 'काका' म्हणतात. गाडी बघून काकांनी आधी वूफर वाजवलाच नाही. ते पुढच्या सीटवर बसले, बोटाच्या पेराने दारावर टकटक केली आणि म्हणाले, 'साहेब, हा तर पत्र्याचा डबा आहे. डब्यात लता मंगेशकर बसवल्या तरी डबाच गाणार.'

मग मागच्या ट्रेवरच्या स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं, 'बालगंधर्वला नाटक बघायला जाता, तेव्हा स्टेजकडे पाठ करून बसता का?'

काय पण मुद्दा! गाणारा समोर असतो, तबला समोर असतो, सगळी बैठक समोर असते. मग गाडीत आवाज मानेमागून का यावा? त्यामुळे छोट्या गाडीतला पहिला नियम असा की पैसा पुढे घाला. पुढच्या दोन दारांत कंपोनंट स्पीकर. त्यात दोन तुकडे असतात. साडेसहा इंचाचा मोठा स्पीकर दारात आणि छोटासा ट्विटर वर, आरशाच्या कोपऱ्याजवळ किंवा डॅशबोर्डवर. सोबत येणारा क्रॉसओव्हर वरचे सूर ट्विटरला आणि खालचे मोठ्या स्पीकरला वाटून देतो. ट्विटर वर असल्यामुळे आवाज पायाजवळून न येता डोळ्यांसमोरून येतो. मागचे स्पीकर? मागे बसणाऱ्यांसाठी हळू आवाजात असले तर असू द्यात. नसले तरी काही बिघडत नाही.

इथे एक धोक्याची सूचना, विशेषतः नवी गाडी असेल तर. २०२४ पासून आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सगळ्याच व्हेरियंटमध्ये मिळतात आणि आता इतर बऱ्याच हॅचबॅकमध्येही त्या आहेत. यातल्या कर्टन एअरबॅग काचेच्या कडेच्या खांबाच्या कव्हरमागून उघडतात. त्या खांबावर ट्विटर स्क्रूने ठोकला किंवा त्यात वायर कोंबली, तर अपघाताच्या वेळी एअरबॅग अडकू शकते आणि ट्विटर गोळीसारखा सुटू शकतो. पिवळा कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली की कारागिराचा हात तिथेच थांबला पाहिजे. न थांबणाऱ्या कारागिराला चहा पाजून निरोप द्या.

दाराचं ऑपरेशन

काकांनी दोन दिवसांतला पहिला अख्खा दिवस फक्त दारांवर घालवला. मित्र आधी वैतागला. 'अरे, दिसणार पण नाही असल्या गोष्टीवर माझे आठ हजार?' पण खरी जादू इथेच आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

स्पीकरचा पडदा पुढे ढकलला गेला की पुढे हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे ती ताणली जाते. म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोब्बर उलटे. हे दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळ्यात आधी बळी जातो तो बेसचा. घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती म्हणूनच. मागचा आवाज आतच कोंडून ठेवायला. गाडीत ही पेटी म्हणजे दार. आणि दाराचं पॅड काढून आत बघितलंत तर काय दिसतं? आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं, काचेच्या मोटरच्या दुरुस्तीसाठी ठेवलेली, आणि त्यांच्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. बास! ही तुमची पेटी.

मग काकांची पोरं कामाला लागली. आधी पत्रा थिनरने पुसून तेल-धूळ साफ. मग बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला ब्युटाइल रबराची शीट, वर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेली. ती नुसती चिकटवायची नाही, छोट्या लोखंडी रोलरने घासून घासून पत्र्याला बसवायची, तिच्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. पत्र्याची थरथर या वजनदार चिकट शीटमध्ये जिरते. मग आतल्या पत्र्यावरची ती सगळी मोठी भोकं बंद. स्वस्तातली डांबरी शीटही बाजारात मिळते, पण ती घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते आणि वर्षा-दोन वर्षांत सोलून दाराच्या तळाशी जाऊन पडते.

आणि आता आपल्या मुंबई-पुण्याच्या पावसासाठी खास. दाराच्या अगदी खालच्या कडेला छोटी भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर जायला. उत्साहाच्या भरात कुणी तीही बंद केली, तर जुलैमध्ये दारात पाण्याचा आवाज येईल, 'डुबुक डुबुक', आणि दोन पावसाळ्यांत गंज. काकांनी शीट लावून झाल्यावर बाटलीने काचेवर पाणी ओतून ते खालून बाहेर येतंय का, हे स्वतः वाकून बघितलं. तेव्हाच मित्राने ठरवलं की माणूस बरोबर सापडलाय. स्पीकरखाली बसवायची कडीही त्यांनी एमडीएफची न लावता टणक प्लास्टिकची लावली, कारण एमडीएफ ओल खाल्ली की फुगतो.

एक दार करून झालं तेव्हा काकांनी दोन्ही दारं लावून दाखवली. डावं 'खण्ण' वाजलं. उजवं 'धप्प'. मोठ्या महागड्या गाडीसारखं! स्पीकर अजून लागलेच नव्हते आणि पठ्ठ्याचे आठ हजार वसूल.

छोट्या गाडीचा मोठा फायदा

आता येऊ या वूफरकडे. दारांची तयारी झाली तरी खालचा, पोटात जाणवणारा बेस साडेसहा इंची स्पीकरला झेपत नाहीच. तिथे सबवूफर लागतो. पण केवढा?

इथे छोट्या गाडीवर निसर्ग मेहरबान आहे. ५० हर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते आणि हॅचबॅकची केबिन आतून जेमतेम अडीच मीटर. लहर केबिनमध्ये मावतच नाही. मग अख्ख्या केबिनमधली हवाच एखाद्या पंपासारखी दाबली-सोडली जाते. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली बेस फुकटात वाढत जातो. तोच वूफर मोकळ्या मैदानात ठेवला तर बिचारा केविलवाणा वाजेल. सांगायचा मुद्दा असा की छोट्या गाडीत बारा इंची राक्षसाची गरज नसते. आठ किंवा दहा इंची पुरतो.

मित्राच्या स्विफ्टची डिकी २०४ लिटरची. त्यात आधीच्या बारा इंची डब्याने अर्धी जागा खाल्ली होती. गावाला जायचं म्हटलं की एक बॅग डिकीत आणि दोन बायकोच्या मांडीवर! काकांनी दहा इंची वूफरसाठी सुमारे २० लिटरचा बंद बॉक्स करायला सांगितलं. अठरा मिलिमीटर एमडीएफ, सगळे सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के, आतून सीलंट. बंद बॉक्स म्हणजे ज्याला हवा बाहेर जायला नळी नाही असा. नळीवाला, म्हणजे पोर्टेड बॉक्स जास्त दणका देतो, पण तो आकाराने मोठा लागतो आणि माप जरा चुकलं की एकाच सुरावर घुमत राहतो. सिग्नलवरचा तो 'धब्ब धब्ब' बऱ्याचदा असल्याच चुकलेल्या बॉक्सची कृपा असते. बंद बॉक्स तबल्याचा बायाँ कसा बायाँसारखा वाजवतो. मींड घेतलेली ऐकू येते. ढोलाचा ठोका पडतो आणि लगेच थांबतो.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. स्टेपनी काढताना बॉक्स पटकन बाहेर काढता आला पाहिजे, म्हणून वायरला कपलर हवा. आणि बॉक्स पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने पक्का बांधलेला हवा. दहा-बारा किलोची लाकडी पेटी अचानक ब्रेक मारल्यावर कुठे जाईल, याची कल्पना तुम्हीच करा. डिकी अजिबातच द्यायची नसेल तर सीटखाली मावणारे, आतच अँप असलेले चपटे वूफर मिळतात. पोटात गोळा येणार नाही, पण गाण्याला तळ मिळतो. ऑल्टो, एस-प्रेसोवाल्यांनी तर आधी हाच विचार करावा.

लाल वायर, काळी वायर

वायरिंगवर लोक पैसे वाचवतात आणि इथेच वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. नव्या अँपचे खरे आरएमएस होते एकूण ३०० च्या आसपास. क्लास डी प्रकारचा, म्हणजे कमी तापणारा. चार चॅनल, त्यातले दोन पुढच्या स्पीकरना आणि उरलेले दोन एकत्र जोडून वूफरला. पूर्ण जोर लावला तर असा अँप पंचवीस-तीस अँपिअर ओढतो. दोन्ही हेडलाइटचे हॅलोजन मिळून दहाच्या आसपास ओढतात, त्यावरून अंदाज घ्या. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरच्या आसपास. म्हणजे इंजिन बंद ठेवून पार्किंगमध्ये मैफल भरवली, तर थोड्याच वेळात धक्का मारायला मैफलीतलेच लोक लागतील.

बाजारात जाड वायरच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम सर्रास विकलं जातं. तांब्यापेक्षा ते वीज बरीच कमी वाहतं आणि त्यामुळे जास्त तापतं. ओळखायचं कसं? टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर परत करा. लाल वायर बॅटरीपासून निघाली की दीड फुटाच्या आत फ्यूज. हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरला आग लागू नये म्हणून असतो. पत्र्यातून जाताना ग्रोमेट. आणि काळी वायर, म्हणजे अर्थ, जमेल तितकी आखूड. गाडीच्या पत्र्याचा रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर बोल्टने आवळलेली.

ती 'कुंईंईं' शिट्टी आठवतेय? ती गाडीच्या अल्टरनेटरची. आधीच्या दुकानाने अर्थ वायर सीटच्या रंग दिलेल्या बोल्टला गुंडाळली होती आणि गाण्याची नाजूक आरसीए वायर बॅटरीच्या वायरला चिकटून एकाच बाजूने नेली होती. काकांनी एक डावीकडून नेली, एक उजवीकडून, अर्थ नीट केला आणि शिट्टी गायब. यात काहीही महाग नव्हतं.

अजून एक. गाडीची मूळ वायर कापू देऊ नका. तुमच्या मॉडेलचे कपलर मिळतात, पुण्यात नाना पेठेत विचारा किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. मूळ वायरिंगला कात्री लागली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वाद ठरलेलाच.

कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडून झालं आणि मित्राने उत्साहाने व्हॉल्यूमला हात घातला. काकांनी तो हात बाजूला केला. 'थांबा साहेब. आत्ता कुठे अर्धं काम झालंय.'

अँपवर 'गेन' नावाचं एक बटण असतं. नव्वद टक्के लोक त्याला आवाजाचं बटण समजतात आणि फुल्ल फिरवतात. ते आवाजाचं नसतं, स्टिरिओ आणि अँप यांची जुळवणी करणारं असतं. जास्त फिरवलं की आवाजाची लहर वरून कापली जाते, गाणं कर्कश होतं आणि ट्विटर जळतात. काकांनी स्पीकर सोडवून ठेवले, स्टिरिओ पाऊण व्हॉल्यूमला लावला, एका सुराची टेस्ट फाइल चालू केली आणि मल्टिमीटर जोडला. ६० वॅट, ४ ओहम. वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ म्हणजे १५.५ व्होल्ट. मीटरवर तेवढे दिसले की बटण तिथेच सोडायचं. संपलं! दहावीतलं फिजिक्स अखेर कामी आलं.

मग ८० हर्ट्झवर वाटणी. त्याच्या खालचं वूफरला, वरचं दारांना. मग दीड व्होल्टच्या साध्या सेलने प्रत्येक स्पीकरची दिशा तपासली. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. एका जरी स्पीकरची वायर उलटी असली तरी बेस गुडुप होतो आणि लोक बिचारे नवा वूफर घेऊन येतात.

सगळ्यात शेवटी टाइम अलाइनमेंट. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. डावा स्पीकर ४० सेंटीमीटर लांब असेल तर त्याचा आवाज मिलिसेकंदाहून थोडा उशिरा पोचतो आणि कानाला सगळं गाणं उजव्या दारातच अडकल्यासारखं वाटतं. चांगल्या स्टिरिओमध्ये किंवा डीएसपीमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर करता येतो. काकांनी खिशातून टेप काढली आणि शिंपी खांदा मोजतो तसं ड्रायव्हरच्या कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजलं.

तपासायला त्यांनी लावलं काय? रिमिक्स नाही. १९५० च्या दशकातलं एक जुनं मोनो गाणं. मोनोमध्ये दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज असतो, त्यामुळे सगळं जुळलं असेल तर गायिका बरोब्बर डॅशबोर्डच्या मधोमध उभी राहायला हवी. मित्राने डोळे मिटले. म्हणाला, 'काका, ती त्या गणपतीच्या मूर्तीच्या इथे गातेय!' त्यानंतर 'सैराट'. २०१६ च्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्डिंग केलं होतं. इतकी वर्षं फोनच्या स्पीकरवर ऐकलेल्या त्या गाण्यांत व्हायोलिनचा एवढा मोठा ताफा आहे, हे याला त्या दिवशी कळलं.

फक्त गाणी तेवढी नीट भरा. १२८ केबीपीएसच्या जुन्या एमपीथ्री असल्या सिस्टीमवर उघड्या पडतात. आणि ब्लूटूथपेक्षा केबल लावलेली बरी.

कान, पोलीस आणि खर्चाची वाटणी

पंधरा तासांचा हिशेब आठवतोय ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. पण ९० डेसिबलला ही मुदत फक्त चार तासांवर येते. दार नीट केलेल्या गाडीत रस्त्याचा गोंगाट कमी आत येतो, त्यामुळे व्हॉल्यूमही कमी लागतो. आणि हो, मागच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आलाच पाहिजे. खिडक्या उघड्या टाकून सोसायटीत शिरत असाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची आहे. म्हणजे तुमचा बेस नाही, तर जेमतेम तुमच्या गप्पा.

पैशांचं म्हणाल, तर मला पटलेली वाटणी अशी. शंभर रुपयांतले तीस-पस्तीस अँपला, वीस पुढच्या स्पीकरना, पंचवीसेक वूफर आणि बॉक्सला, उरलेले सगळे शीट आणि वायरला. सगळं एकदम जमत नसेल तर या महिन्यात दारं आणि पुढचे स्पीकर करा, बोनस आला की अँप, वूफर सगळ्यात शेवटी. नव्या गाडीतला टचस्क्रीन काढायच्या भानगडीत पडू नका. रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली असतात. त्याच्याच स्पीकरच्या वायरमधून सिग्नल घेणारे डीएसपी अँप मिळतात, ते लावा.

आणि सेकंड हँड बाजारात सिस्टीमचे पैसे सहसा कुणी मोजत नाही, हे आधीच डोक्यात ठेवा. गाडी विकाल तेव्हा अँप, वूफर, स्पीकर काढून पुढच्या गाडीत न्या. दारांतली शीट तेवढी नव्या मालकाला भेट. त्यासाठी कंपनीचे मूळ स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि कपलर आजच एका खोक्यात भरून, वर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर टाका. मित्राच्या माळ्यावर ते खोकं आहे. त्याच्या शेजारीच आहे १२०० वॅटचा तो अँप, कुणाला हवा असेल तर सांगा, फुकट मिळेल.